चालेल

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडे धरला.
अशीच मी एकतीस वर्षं धरत आले,
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, कोरी नोट उजेडापुढे:
वॉटरमार्क, तार, शाईचा ओघळ, कडेचा बारीक दोष.
सदोष निघाली की बाजूला. तिथे दयामाया नसते.
म्हणून काही विचारलं नाही. उभी राहिले.
"डाव्या गुडघ्यातली फट कमी झालीय," ते म्हणाले,
आणि फिल्म पाकिटात सरकवत,
"चालेल."

चालेल म्हणजे काय,
ते पाथर्डी फाट्याला रिक्षातून उतरेपर्यंत कळेना.
पाय चालेल?
की असंच राहिलं तरी चालेल?
की भाजीवाली दहाची चिकटवलेली नोट
उलटसुलट करून म्हणते, ते?

आई म्हणायची, तुझी अक्कल गुडघ्यात.
असावी थोडी तिथे.
कारण डिसेंबरात धुकं पडणार आहे
हे त्याला रात्रीच कळतं,
आणि मला पहाटे तोच उठवतो.

ऋजुता बस्ते, माझ्या धाकटीहून लहान,
टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली सरकवते.
दाबा. दहा मोजा. सोडा.
मोजायला मला शिकवतेय!
शंभराची गड्डी या बोटांना न बघता कळायची.
इथे सातवर मांडी थरथरते,
आठ म्हणते,
आणि आठवरच बराच वेळ जातो.

तिचं सांगणं मी कॅलेंडरच्या मागे उतरवलंय,
दुधाच्या हिशोबाखाली:
दुखणं दहात तीन असेल तर चालत राहा.
पाच झालं की थांबा. चिडू नका.
रात्रीचं दुखणं सकाळी तसंच असेल
तर काल जास्त झालं, आज कमी करा.
बंद मात्र करू नका.
शेवटची ओळ तिने दोनदा म्हटली,
मी एकदाच लिहिली.

मांडी घालून बसणं सुटलं.
भाचीच्या हळदीत सगळ्या खाली, मी खुर्चीवर,
वरून सगळ्यांचे भांग दिसत होते.

आठवड्यातून तीनदा पांडवलेणी.
चढताना चांगला पाय आधी,
उतरताना दुखरा.
पायऱ्या मी दरवेळी मोजते
आणि दरवेळी वेगळ्या भरतात.
प्रेसमध्ये असं झालं असतं
तर दारं लावून बसवून ठेवलं असतं सगळ्यांना,
ती एक नोट सापडेपर्यंत.
इथे पायरी हरवते
आणि कुणी झडती घेत नाही.

जानेवारीत एकदा वरपर्यंत गेले,
लेण्यातल्या थंड दगडाला पाठ लावली,
आणि त्या आनंदात पोरीसारखी धावत उतरले.
मग अकरा दिवस पलंग, शेक, जिभेवर गोळीचा कडवटपणा,
आणि फोनवर ऋजुताचं न बोलणं.

आज अर्ध्यावर, वळणाच्या जरा आधी, चार.
चारला काय करायचं ते कॅलेंडरवर नाही.
अजून सहा पायऱ्या चढले. पाच.
बसले कठड्यावर.
खाली हायवेवर ट्रक अंबडकडे वळत होते,
धुक्यातून स्तूपाचा घुमट तेवढा वर आलेला,
नुकत्याच उलट्या घातलेल्या पातेल्यासारखा.
कॉलेजची पोरं दोन-दोन पायऱ्या एकदम टाकत गेली.
चिडू नका, मी स्वतःला म्हटलं.
चिडले थोडी.

वरून सिंधूताई आव्हाड आल्या,
दोन्ही गुडघे बदललेले, वय एकाहत्तर,
माझ्याहून हळू, पण रोज.
शेजारी टेकल्या, पाय सरळ पुढे,
दोन काठ्या टेकवून ठेवाव्यात तसे.
पिशवीतून पेरू काढला, चाकूने दोन फाका केल्या,
तिखटमीठ कागदाच्या पुडीत होतं.

"वर नाही आलीस?"
"आज इथपर्यंत."
"किती झाल्या?"
"एकशे चार."
"मला इथवर एकशे सात लागतात," म्हणाल्या,
आणि पेरूच्या बिया दाढेतून काढत
बराच वेळ हसत राहिल्या.

ऊन कठड्यापर्यंत आलं. उठलो.
"हात देऊ?"
"नको, कठडा आहे."
तरी त्यांनी दिला.
मी डावा पाय आधी खाली ठेवला.
एक.