टाकी

सेलूत स्टेशनरोडला आपली गिरणी.
मंगळवार-शुक्रवार, सहा ते सात बंद.
पाटीवर कारण लिहिलं नव्हतं,
लोकांनी आपापलं लावून घेतलं:
पट्टा तुटला, बिल थकलं,
गिराम देवदेव करायलाय.

कारण एवढंच,
की पलीकडच्या खोलीत ईश्वरीचा लिहिण्याचा तास असायचा
आणि मोटार चालू असली
की तिकडं बीडला निखत मॅडमना
माझ्या लेकीऐवजी ज्वारी ऐकू जायची.

सातवीत तिनं निबंध लिहिला होता, माझी आई.
वर्गातल्या बावन्न पोरींची आई
पहाटे पाचला उठून सडा घालत होती.
हिची एकटीची दहापर्यंत झोपत होती,
सरकारी दवाखान्यात रातपाळी करून आलेली.
बाईंनी खाली तांबड्यानं लिहिलं: आदर्श आई लिही.
पोरगी दप्तर ठेवून म्हणाली,
खोटी आई मला जमत नाही.

मग घरीच. मुक्त विद्यालयाचा फॉर्म,
आणि तडा गेलेला फोन
पिठाच्या डब्याला टेकवलेला.
दळण घेऊन आलेले विचारायचे,
शाळाच नाही, तर कॉलेजात टिकल का हो लेकरू?
मी चाळणी हलवत राहायचो.
मलाही तेच विचारायचं होतं, पण कुणाला?

बंद गिरणीत रिकाम्या हातांनी बसून
मीही तास ऐकायचो.
मॅडम रागवायच्या नाहीत, नुसतं विचारायच्या.
‘खूप गर्दी’ म्हणजे किती माणसं?
हे तुला कशावरून कळलं?
हे तुझं, का कुठं वाचलेलं?
वाचलेलं असलं तर नाव सांग त्याचं,
शेजारणीकडून पीठ आणलं तर सांगतोच ना आपण.

माझंही बिघडलं त्यात.
गिऱ्हाईक म्हणालं, बारीक दळा,
मी म्हणालो, बारीक म्हणजे किती?

एकदा पानातल्या सात ओळी खोडून आल्या.
ती जेवली नाही.
मी वरचा दगड उचलून दाखवला तिला,
आरशासारखा गुळगुळीत.
म्हटलं, दिसायला हाच चांगला.
पण हा दाणा नुसता फिरवतो, दळत नाही,
पीठ तापतं, करपट वास येतो.
म्हणून टाकी लावायची, खाचा पाडायच्या पुन्हा.
तिनं छिन्नी घेतली, दोन खाचा पाडल्या,
तिसरीला अंगठा ठेचला.
तेच तिनं लिहिलं. पाच वेळा लिहिलं.
पाचव्यांदा अंगठा फक्त एका ओळीत उरला
आणि मला तिथंच दुखलं.
तो कागद कॉलेजच्या अर्जाला जोडून गेला.

नांदेडहून पहिल्या आठवड्यात फोन आला.
सरांनी एक लेख दिला, म्हणाले, पटतं का ते लिहा.
साठ पोरं विचारायली,
सर, उत्तर कोणत्या पानावर आहे?
ही लिहीत बसली होती.
मी छाती फुगवणार, तेवढ्यात म्हणाली,
बाबा, डबा एकटीच खाते.
कुणाच्या शेजारी जाऊन बसायचं कसं,
ते मॅडमनी घेतलंच नव्हतं.
मी म्हणालो, होईल हळूहळू.
हळूहळू म्हणजे किती, ते तिनं विचारलं नाही.

मंगळवारी सहाला हात अजून स्विचकडं जातो.
गिरणी थांबते. पलीकडं तास नसतो.
आज त्या तासात मीच बसलो,
बिलबुकाच्या पाठकोऱ्या पावत्यांवर हे लिहिलं,
फोटो काढून पाठवला.

तासाभरात उत्तर आलं.
बाबा, चांगलं आहे.
फक्त शेवटी ‘तुझी खूप आठवण येते’ लिहिलंय,
खूप म्हणजे किती?

ती ओळ मी काढून टाकली आहे.