नववा प्रश्न

चारशे बारा कागद. वेइक्कोने ते गाडीतून आणले,
काहींवर बर्फ वितळून शाई फुटलेली,
एकावर कॉफीचं गोल.
पंधरा दिवस मी ते एकेक करून तक्त्यात भरत होते.
नववा प्रश्न: एकटं वाटतं का?
खाली पाच चौकटी. एकीवर फुली मारायची.

नगरपालिकेला स्तंभ हवेत. दर गावाचा एक,
आत उत्तरांचे थर, उतरंडीसारखे.
सोपं आहे. सात ओळींचा कोड.
चालवला.

संगणकाने उत्तरं अकारविल्हे लावली.
आमच्या फिनिशमध्ये 'नेहमी' आ-वर सुरू होतं,
'कधीच नाही' ए-वर,
त्यामुळे ती दोघं आली शेजारी,
भिंतीला भिंत लावून,
जणू त्यांच्यात कधी काही नव्हतंच.
'अधूनमधून' बिचारं चौथ्या जागी ढकललं गेलं.

क्रम मग मी हाताने लिहून दिला.
यंत्राला अक्षरं येतात, पायऱ्या येत नाहीत.
कुठून चढायचं ते सांगावं लागतं.

विभागप्रमुख रौहा म्हणाल्या, लाल नको,
सभेत लोक दचकतात.
म्हणून निळ्याच्या पाच छटा.
'नेहमी'ला सगळ्यात गडद दिली,
डिसेंबरात दुपारी दोनला
माझ्या खिडकीत असते ती.

मग टक्के.
एका गावात एकशे चाळीस माणसं, पेतायावारात तीन,
आणि टक्के केल्याबरोबर सगळे स्तंभ एका उंचीचे.
तीन म्हाताऱ्या ताठ उभ्या
एकशे चाळिसांच्या खांद्याला खांदा लावून.
मला ते आवडलं. मी थोडा वेळ नुसतं बघत राहिले.

पण पेतायावाराचे थर दोनच.
अर्धा फिकट, अर्धा गडद.
तिघींचे दोन सारखे भाग कसे होतील?

बोटांवर मोजलं, हो, बोटांवरच.
मग सापडली ती अर्धी ओळ, माझीच,
कुठल्या तरी जुन्या कामातून उचलून चिकटवलेली:
रिकामं असेल ते वगळ.
सतरा जणं अशी गळून पडली होती सगळीकडून
आणि उरलेले थर खाली सरकले होते,
बाकावरून कुणी उठलं
की बाकीचे सैलावून बसतात तसे.
फट म्हणून दिसत नव्हती.

वेइक्कोला फोन केला. तो गाडीचा हीटर उघडून बसला होता.
लेम्पी? तो म्हणाला, पेतायावाराची?
ती तर दोन तास बोलली गं.
न कळवता गेलो होतो मी,
तरी टेबलावर दोन कप मांडलेले.
नववा विचारला, तर हसली.
म्हणाली, आज धरून, की आज सोडून?
मला काही सुचेना.
चौकट तशीच ठेवली.

पलीकडे पाना पडल्याचा आवाज आला.
थांब हं, तो म्हणाला, आणि बराच वेळ काही बोलला नाही.

राखाडी घेतला. 'उत्तर नाही'.
सगळ्या स्तंभांच्या माथ्यावर,
कुठे केसाएवढा,
पेतायावारात तिसरा हिस्सा.
रौहाबाईंनी चष्मा वर करून पाहिलं:
हे काढता येईल का? मळकट दिसतंय.
नाही, मी म्हटलं.
त्यांना मी हे याआधी कधी म्हटल्याचं आठवत नाही.

संध्याकाळी सगळे गेल्यावर
त्या ओळीशेजारी हॅश टाकला.
हॅशच्या पुढचं संगणक वाचत नाही,
पुढच्या वर्षी या खुर्चीत बसेल तो वाचेल,
वाचलं तर.
लिहिलं:
इथे दोन कप होते.

पुन्हा चालवला. चार सेकंद.
चूक कुठेच नाही.
चित्र आलं ते हुबेहूब आधीचंच.