माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे

भोईवाडा कोर्टासमोर खर्डे वकिलांचं टेबल,
एक पाय विटेवर.
टायपिस्ट विचारतो, नाव?
हेमलता रघुनाथ तांडेल, वय सदुसष्ट, राहणार शिवडी कोळीवाडा.
"मी सत्यप्रतिज्ञेवर कथन करते की"
इथवर त्याचं आधीच टाइप झालेलं होतं.

निशिकांत सहा महिन्यांसाठी गेला होता,
मावसभावाकडे, फिरायला.
शिक्क्याची मुदत संपली, तो राहिला.
आठ वर्षं.
आधी पेट्रोलपंपावर, मग कुणाच्या मोटेलात चादरी बदलत.
वडील गेले तेव्हाही तिथेच.
निघाला असता तर दार मागून बंद झालं असतं.
अग्नी पुतण्याने दिला.

आता लग्न केलंय, तिथल्याच मुलीशी.
येसेनिया. माझी जीभ अडखळते,
म्हणून मी येसू म्हणते, आणि ती ओ देते.
तिने अर्ज भरलाय: हा माझा नवरा, याला कायमचा राहू द्या.
सरकार म्हणतं, पुरावा आणा
की हे लग्न कागदासाठी नाही.
म्हणून मी कागद करायला आलेय.

लग्नाला हजर होता?
नाही.
सुनेला भेटलात?
नाही.
खर्डे वकील चष्म्यावरून बघतात.
मग आजी, खरं कशावरून?

आता काय सांगू.
त्याने तिथे पहिल्यांदा सुके बोंबील भाजले,
तिने बर्फ पडत असताना सगळ्या खिडक्या उघडल्या
आणि अशी कडाडली की फोन टेकवलेला डबा आडवा झाला.
शब्द एकही कळला नाही मला, चाल ओळखीची होती.
मीही ह्यांच्यावर तश्शीच ओरडायची,
मोरीत टाकलेल्या विड्यांच्या थोटकांवरून.
पुढच्या रविवारी बघते तर
ती स्वतःच लिंबू पिळून खात होती, तोंड वाकडं करून.

तो बोलता बोलता खोकला की
बाजूने एक हात येतो, पाण्याचा ग्लास ठेवतो, जातो.
हातच दिसतो. न मागता येतो.

आणि ह्यांच्या बाराव्याला, तिकडे रात्रीचे दोन,
लग्न तेव्हा व्हायचंच होतं,
ती त्याच्या शेजारी मांडी घालून बसली होती.
डोक्यावर काय घ्यायचं ठाऊक नाही,
म्हणून आंघोळीचा टॉवेल घेऊन.
पिवळा. कडेचे धागे निघालेला.

टायपिस्ट थांबला. टॉवेल लिहू?
वकील म्हणाले, नको. लिही,
उभयता सुखाने नांदत आहेत.
सुखाने, असं मी म्हटलं नव्हतं.
नांदत, हे बरोबर आहे.

फोटो लागतात, कुटुंबासोबतचे.
नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून आणलेत,
फोनच्या पडद्याचेच:
ती, तो, मागे फ्रिज,
आणि कोपऱ्यात तिकिटाएवढी मी,
कपाळ अर्धं कापलेलं.

सही झाली. लाल शिक्का बसला.
वकिलांनी कागद ठोकून सारखे केले, स्टेपलर दाबला.
पिन नेमकी माझ्या चौकटीतून गेली.
अरे, सॉरी आजी, काढून दुसरी मारू?
म्हटलं, राहू दे.
घट्ट बसलीय.