विचारायला नको म्हणून

माझा भाऊ आयलर्ट फेरीबोटीवर मेकॅनिक होता.
पस्तीस वर्षं इंजिनाशी बोलला,
माणसांसाठी फारसं उरलं नाही.

एप्रिलमध्ये ट्रॉम्सोच्या इस्पितळातून पत्र आलं:
डोळ्याचं ऑपरेशन, जूनमध्ये, तीन आठवडे.
पत्र त्याने फ्रिजवर चुंबकाखाली लावलं
आणि धक्क्यावरची फुटकी निळी खोकी
गोळा करायला निघून गेला.

बारा खोकी.
प्रत्येकाच्या तळाशी पाणी,
त्यावर भोकं पाडलेली फळी, फळीवर माती,
आणि मातीतून पाण्यात सोडलेल्या वाती,
स्वतःचा लोकरी बनियन कापून केलेल्या.
कोपऱ्यात पाइप, पाइपात जाळ्याचं बूच,
बुचाला काडी.
काडी उंच, तर पाणी आहे.
काडी बुडाली, तर नाही.
बाराही खोकी एका नळीने पिंपाला जोडलेली.
हिशेब काचघराच्या दारावर, पेन्सिलीने.

मी म्हटलं, पाणी मी घातलं असतं की.
आमच्या दोन घरांत बावीस पावलं.
तो म्हणाला, आता गरज नाही.

तेवढं घेऊन घरी आले, बटाटे सोलले.
सालं जरा जाडच निघाली.

जूनमध्ये आमच्या बेटावर सूर्य
समुद्रापर्यंत उतरतो,
पाय बुडवल्यासारखं करतो
आणि परत वर चढतो.
रात्री दोनलाही काचेतून ती झाडं दिसायची,
जागी, पीत असलेली.

आठव्या दिवशी गेले. नुसती बघायला.
सगळ्या काड्या उंच.
माती वरून कोरडी,
बोट घातलं तर आत ओली.
मी काही म्हणत नाही.

फुलं होती, पिवळी, भरपूर.
फरशीवरही तितकीच, गळलेली.
वारं लागू नये म्हणून दार घट्ट ओढून गेला होता,
वरची झडपसुद्धा.
भुंगा येणार कुठून?
पाण्याचा थेंबन्‌थेंब मोजला होता त्याने.
फूल कुणीतरी हलवावं लागतं, ते राहिलं.

सुनेने नाताळला दिलेला विजेचा टूथब्रश
खोक्यातच पडून होता.
देठाच्या मागे टेकवला.
घर्रर्र.
पिवळी धूळ माझ्या काळ्या बाहीवर.
रोज रात्री दोनला जायचे, कुणी बघू नये म्हणून,
पण इथे रात्र असते कुठे!
मासे घेऊन परतणारा ओडविन कुंपणाशी थांबला:
"ग्युडलाउग, झाडांचे दात घासतेस?"
"हो," म्हटलं, "त्या घरात तोंड उघडणारं
दुसरं कोण आहे?"

आयलर्ट आला, एका डोळ्यावर पट्टी.
पिशवी न ठेवताच काचघरात गेला.
मी खिडकीशी होते, भांडं पुसत.
तेच भांडं.
हिरवे टोमॅटो, बोराएवढे, घोसच्या घोस.
तो वाकला. एका डोळ्याने एकेक पाहिला.
मग चौथ्या खोक्याच्या कडेवर
मी विसरलेला ब्रश उचलला,
उलटासुलटा केला,
बटण दाबलं.

बावीस पावलांवरून, दोन काचांमधून,
तो आवाज ऐकू येणं शक्य नाही.
मला आला.

विषय निघाला नाही, त्याने काढला नाही, मीही नाही.
ऑगस्टमध्ये पायरीवर एक भांडं भरून टोमॅटो.
भांडं धुऊन परत दिलं.
हिवाळा गेला.

या मे महिन्यात दारावर टकटक.
"दुसरा डोळा," तो म्हणाला. "सोमवारी."
मी बूट चढवून त्याच्यामागे गेले.
बारा खोकी जागच्या जागी, वाती पाण्यात, काड्या उंच.
आणि दाराशी एक साधी मातीची कुंडी,
एकच रोप.

"हिला तळ्याची सोय नाही," तो म्हणाला,
माझ्याकडे नाही, फरशीकडे बघत.
"रोज घालावं लागेल पाणी."

मग थांबला.
इंजिन बंद केल्यावर बोट पुढे सरकत राहते,
तेवढा वेळ.

"झडप उघडी ठेवून जा," मी म्हटलं.
"भुंग्यांनाही येऊ दे."