दोन शेपट्यांचं बी

वरच्या निवाऱ्यात पाणी पटकन उकळतं
आणि भात कच्चाच राहतो.
मी झाकणावर दगड ठेवत होते तेव्हा
हुई लेंगने फोन पुढे धरला:
"सोपिना, ओळखतेस हे?"

पिवळट कागद. त्यावर चापून बसवलेली एक फांदी,
पाच फुलं, चहाच्या डागासारखी,
कुठल्याशा थंड देशात, कपाटात,
साठ वर्षं निजलेली.
खालचं टंकलेलं तिने वाचून दाखवलं:
रोडोडेंड्रॉन, पुढे प्रश्नचिन्ह.
शेवाळी रान. झाडाच्या खांद्यावर. फूल पांढरं, लांब नळीचं.
रात्री वास. क्रमांक चार हजार चारशे सतरा.
मग एका साहेबाचं नाव,
घसा खाकरल्यासारखं.

मी नाव नव्हते बघत.
फांदीच्या बुडाशी वाखाचा दोरा होता
आणि त्याला गाठ, उलटी,
ज्याच्या उजव्या हाताला अंगठा नाही
अशा माणसाची.
आमच्या घरी भाताच्या पोत्यांना, कोंबड्यांच्या पायांना,
माझ्या वेणीलासुद्धा
तीच गाठ असे.

मांतिर. माझा बाप.
कागदावर त्याची एवढीच सही.

साहेब तापाने फणफणत तंबूत पडलेला, बाप सांगायचा,
आणि आधी आला तो वास,
लवंग चावून कुणी कानाशी कुजबुजावं तसा.
दोर धरून चढतात तसा वास धरून
तो अंधारात चढला.
पतंग त्याच्याआधी पोचले होते.
त्याने फांदी तोडली, झाडाला दोन शब्द बोलला,
ओल्या शेवाळात गुंडाळून पाठीवरच्या टोपलीत,
वाकीदमध्ये, वरचेवर ठेवली.
साहेबाने बरं वाटल्यावर दिली
बिस्किटांची पत्र्याची डबी.
डबी अजून आहे. सुया असतात तिच्यात.

"ती जागा दाखवशील?"

दाखवली. जागा होती.
झाड आडवं झालेलं. शेवाळ हाताला लागलं
की भुगा, जुन्या दोरखंडासारखा.
धुकं आमच्या डोक्यावरून चाललं होतं.
बापाच्या दिवसांत ते इथे कमरेशी असायचं,
बुटक्यांनी हात वर करून चालावं, तो थट्टेने म्हणे.
पोरगी वहीत आकडे लिहीत राहिली.
मी म्हटलं, चल, धुक्यामागे जाऊ.

मुळांच्या पायऱ्या संपल्या. मग नुसता दगड.
इथे बहराला महिना नसतो,
फुलावंसं वाटलं की फुलतं,
नाही तर वर्षानुवर्षं गप्प.

एका भेगेत, गुडघ्याएवढं.
तीन फुलं. दिवसाचा वास नाही,
एका नळीत मुंगी.
पान उलटलं तर पाठीवर तांबूस खवले, मासोळीसारखे.

हुई लेंगने कात्री काढली. परत ठेवली.
मी वर पाहिलं.
वर दगड होता, दगडावर ढग,
आणि ढगात मुळं रोवता येत नाहीत.
आमच्यात म्हणतात, मेलेली माणसं
डोंगरावर राहायला जातात.
त्यांना जमतं. त्यांचं काही रुजायचं राहिलेलं नसतं.

एक बोंड तडकलेलं होतं.
फुंकरसुद्धा नाही, नुसता श्वास लागला
आणि बी उडालं, धुळीएवढं,
दोन टोकांना दोन शेपट्या,
पुढचं कुठलं, मागचं कुठलं
वाऱ्यानेच ठरवावं.

उतरताना तिचं सामानही मी घेतलं. गुडघे कुरकुरले.
खाली, कोबीच्या शेतांपाशी,
वाकीदचा पट्टा कपाळावरून काढला
तर घामाला चिकटलेलं एक बी.
उलट्या दिशेला आलेलं.
इथे ते रुजायचं नाही, इथे उकडतं.

तरी झटकलं नाही.
घरी जाऊन डबीतल्या सुया उशीत खोचल्या.
भात शिजला होता, अगदी मऊ.
पोरगी दोनदा मागून जेवली.