फोटो बसवताना

सम्मेद म्हणाला, आजोबा, तुमचं एक पान काढू.
नाव, प्रेसची हकीकत, चार फोटो. तासाभराचं काम.
आज अकरावा दिवस.

पहिल्या दिवशी फोटो एवढा मोठा आला
की मगदूममालकांची नुसती टोपी दिसली,
बाकीचं सगळं उजवीकडे, पडद्याच्या बाहेर,
थेट मिरजेपर्यंत गेलेलं.
बारीक केला तर माणसं खिळ्याएवढी झाली,
तीही आठ पॉइंटाच्या.

एकतीस वर्षं मी खिळे जुळवले, गणपती पेठेत.
जस्ताचा ब्लॉक लाकडावर ठोकलेला असायचा.
त्याच्या अंगाला ओळी लावायच्या,
फट राहिली तर शिशाची पट्टी,
तरीही हलतंय वाटलं तर सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा.
मग फर्मा आवळून उचलायचा.
एकही खिळा पडला नाही
तर मालक चहा सांगायचे.

इथं आवळायला काही नाही.
फोटो डावीकडे ठेवला की मजकूर त्याच्या कडेनं पळतो,
खाली दोन शब्द लोंबत राहतात: आणि नंतर.
आणि नंतर काय, ते पुढच्या फोटोखाली जाऊन बसलेलं.
सम्मेद समजावतो, फोटो तरंगतोय, त्याला थोपवावं लागतं.
अरे, तरंगणाऱ्या वस्तूंचं तू मला सांगतोस?
पाण्याच्या साली आमच्या केसचे खण पार हरिपूरला सापडले.
खिळे मात्र जागच्या जागी.
शिसं ते.

मी विचारलं, कागदाचं माप काय? डेमी? डबल क्राउन?
तो म्हणाला, माप नसतं.
फोनवर एवढं, लॅपटॉपवर एवढं,
ज्याच्या हातात जे असेल ते.
त्या रात्री मला झोप लागली नाही.

नवव्या दिवशी जमलं.
चारही फोटो एका ओळीत, सारखे चौकोन,
शहाबादी फरशी बसवल्यासारखे.
छान दिसत होतं, खोटं कशाला बोलू.
मी प्रेसच्या फोटोतली माणसं मोजली. आठ.
चष्मा पुसला. पुन्हा मोजली.

इलाही मुल्ला. ट्रेडलवरचा.
फोटोवाला तयार होता तेव्हा तो आत रोलर पुसत होता,
ऐन लग्नसराई, अडीचशे पत्रिका वाळायच्या.
हाक मारल्यावर धावत आला आणि कडेलाच थांबला,
हात मागे धरून.
द्वारकाबाईंचं पातळ नवं होतं,
शाई लागली असती.

सम्मेद म्हणाला, चौकोन भरायचा तर कडा कापल्या जाणारच,
पण बघा ना, तोंडं सगळी आलीयत.
त्याची चूक नाही.
त्याला तिथं खांबाची सावली वाटली होती.

मग दीड दिवस तेवढंच.
कापायचा नाही, ताणायचा नाही,
ताणला की मालक लठ्ठ होतात
आणि सहाफुटी इलाही माझ्याएवढा.
काल रात्री कुठलासा एक शब्द बदलला पोरानं
आणि फोटोवालाच दोन पावलं मागे गेल्यासारखं झालं.
नऊच्या नऊ.
वर पांढरी पट्टी, खाली पांढरी पट्टी.
बाकीचे तीन चौकोन काठोकाठ, हा एकटा अर्धपोटी.
विचित्र दिसतंय, आजोबा.
दिसू दे.

मोकळी जागा म्हणजे काहीच नाही, असं नसतं, बाळा.
आम्ही तीसुद्धा शिशाचीच लावायचो.
छापून यायची नाही,
पण फर्मा उचलताना तिचं वजन मनगटात यायचं.

सकाळी इलाहीच्या नातवाला मिरजेला फोन केला.
त्याचा फोन लहान, काच तडकलेली.
उघड म्हटलं, आणि माणसं मोज.
कशाला? म्हणाला.
मोज तर.
पलीकडे कुणीतरी कुकर उतरवला, रिक्षा गेली एक,
आणि त्याचा आवाज, बोट ठेवून वाचल्यासारखा:
सहा... सात...