एका तीव्राची दोन घरं

अडतीस वर्षं मी पत्त्या घासल्या.
टोकाशी घासली की सूर चढतो,
रिव्हेटपाशी घासली की उतरतो,
हे माझ्या बोटांना झोपेतही ठाऊक.
क्लिंगेनथालच्या कारखान्यात, तिसऱ्या मजल्यावर,
वितळत्या मेणाच्या वासात
मी हजारो अकॉर्डियनना गळा दिला.
वाजवलं एकही नाही.

आता अडुसष्टाव्या वर्षी
गोटहोल्डचं अकॉर्डियन मांडीवर घेऊन बसलेय
आणि फेन्या, वय सतरा, नाकात बारीक कडी,
बुटांवरचा बर्फ पायपुसण्यावर सोडून विचारते,
"ओळीच्या सुरुवातीला काय दिसतंय, फ्राउ मायनेल?"

एक जाळी दिसतेय.
दोन उभ्या काड्या, दोन तिरप्या,
सगळ्यात वरच्या रेघेत अडकलेल्या.
मला वाटलं होतं, छापताना काहीतरी सांडलं.

"ती दारावरची पाटी," फेन्या म्हणते.
"एकदा लावली की घरातला प्रत्येक एफ तीव्र.
दर वेळी नव्याने सांगायचं नाही."

तिसऱ्याच मापात मी विसरते.
साधा एफ वाजतो,
कानात खडा लागावा तसं होतं
आणि माझा उजवा हात, सवयीने,
टेबलावर कानस शोधतो.
"पत्ती बरोबर आहे," ती हसून म्हणते.
हो. पत्ती बरोबरच असणार.
ती मीच लावली होती, सत्याऐंशी साली.

डाव्या हाताची बटणं दिसत नाहीत.
पट्ट्याच्या आत, काळोखात, बोटांनी चाचपत जायचं.
त्यातल्या एकावर खळी आहे: तो सी.
या खळ्या रोझविताच्या टेबलावर पडायच्या,
वीस वर्षं आम्ही एका किटलीतली कॉफी प्यायलो,
कशासाठी ते मी कधी विचारलं नाही.
सीच्या पाटीवर काहीच नाही, कोरी.
तिथून हनुवटीकडे एक बटण वर, जी, एक तीव्र.
आणखी एक वर, डी, दोन.
ए, तीन. पायरीला एक तीव्र, हिशेब चोख.
खळीवरून खाली उतरलं की कोमल:
एफच्या घरात एकच,
त्याला आम्ही जर्मन नुसतं बी म्हणतो
आणि न उतरलेल्या बीला एच.
का, ते फेन्यालाही माहीत नाही.

म्हणजे हे सगळं हाताशीच होतं,
बटणांच्या रांगेत, ओळीने मांडलेलं.
मी एकेक सूर वेगळा काढून ऐकत आले,
दिव्याखाली, दार लावून,
त्याच्यात थरथर उरली नाही ना एवढंच बघत.
कोण कुणाच्या घरात राहतो, याची चौकशी
माझ्या कामात नव्हती.

फेन्या गेल्यावर
गोटहोल्डची वही काढली.
शिसपेन्सिल, त्याच्या हातची वाकडी जाळी,
एक. फक्त एक.
जी मेजर, मी म्हटलं, चला, सोपं,
आणि डावं बोट खळीच्या वरच्या घरात ठेवलं.

बसेना. वॉल्ट्झ पुढे जाईना.
मध्येच एक डी तीव्र होऊन आला,
पाटीवर नसलेला, पाहुण्यासारखा,
मापाची रेघ येताच निघून गेला.
मी वही लांब धरली, जवळ धरली, दिवा हलवला.
मग शेवटचा सूर पाहिला.

ई.

पाटी तीच, आत राहणारं दुसरंच कुणी.
फेन्याने सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं:
एका तीव्राची दोन घरं असतात,
एक जी मेजरचं, एक ई मायनरचं.
कुठलं, ते पाटी सांगत नाही.
वाजवत शेवटपर्यंत जावं लागतं.

दर शनिवारी तो स्वयंपाकघरात हे वाजवायचा
आणि मी बटाटे सोलत म्हणायचे,
किती मजेत असतो हा माणूस.

मी बोट तीन बटणं वर सरकवलं.
भाता हळूच उघडला.